समुद्रातल्या पवनचक्क्या आणि ग्रीडची गाठ: ९ ऑगस्ट २०१९ ची संध्याकाळ

धागाकर्ता: खाडीकाठ

गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या करण्याच्या योजनेवर मागच्या आठवड्यात इथे बरीच चर्चा झाली. वारा किती, पाती केवढी, युनिट कितीला पडणार, सगळं बोलून झालं. ती वीज किनाऱ्यावर येऊन ग्रीडला, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जिथे मिळते, त्या जागेचा विषय मात्र कुणी काढला नाही. मी पूर्वी महाराष्ट्रात पारेषणाच्या कामात होतो आणि आता इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नेमकं त्याच जागेचं काम करतो. म्हणून वेगळा धागा काढतोय. लांब आहे, पण वाचा.

९ ऑगस्ट २०१९, शुक्रवार. मी लंडनहून उत्तरेकडे निघालेल्या गाडीत होतो. पाच वाजायला सात-आठ मिनिटं असताना गाडी दोन्ही बाजूंच्या शेतांमध्ये थांबली. गार हवा बंद झाली, दिवे मंद झाले. पाच-दहा मिनिटांत पुढे निघू असं सगळ्यांना वाटलं. नंतर कळलं की तारेत वीज होती, तरी गाडी जागची हलेना. चालकाने दोन-तीनदा प्रयत्न केला, मग सांगितलं की लॅपटॉप घेऊन तंत्रज्ञ येईपर्यंत ही सुरू होणार नाही. माझ्या समोर एक आजी होत्या, त्यांच्याजवळचं पाणी संपलं होतं. एका बाईंच्या मांडीवर तान्हं मूल होतं. आम्ही खाली उतरलो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. त्या संध्याकाळी अशा साठेक गाड्या अडकल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना तंत्रज्ञाची वाट बघावी लागली. सगळ्या एकाच घराण्यातल्या नव्या गाड्या होत्या. ग्रीडची वारंवारता (एरवी ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं) ४९ हर्ट्झच्या खाली गेली की स्वतःला बंद करायचं, असं त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

आता ग्रीडमध्ये काय झालं ते. ४ वाजून ५२ मिनिटं ३३ सेकंदांनी ईटन सोकन ते वायमंडली या ४०० केव्ही (४ लाख व्होल्ट) लाईनवर आकाशातली वीज पडली. संरक्षण यंत्रणेने दशांश सेकंदाच्या आत लाईन तोडून दोष काढला, वीसेक सेकंदांत लाईन आपोआप पुन्हा चालूही झाली. इथपर्यंत नेहमीचं होतं. पण यॉर्कशायरच्या किनाऱ्यापासून १२० किलोमीटर समुद्रात असलेला हॉर्नसी वन हा पवनचक्क्यांचा प्रकल्प त्या वेळी ७९९ मेगावॅट देत होता, तो अर्ध्या सेकंदाच्या आत ६२ वर आला. ७३७ मेगावॅट गेले. पाठोपाठ लिटल बारफर्ड या वायूवर चालणाऱ्या केंद्राचं वाफेचं टर्बाइन २४४ मेगावॅटसह ग्रीडपासून सुटलं. गावोगावची छोटी निर्मिती, म्हणजे सोलर, डिझेल, लहान गॅस इंजिनं, तीही साधारण ५०० मेगावॅट गळाली.

त्या दिवशी राखीव ताकद होती १,००० मेगावॅटची. ती धावून आली आणि ४९.१ हर्ट्झवर वारंवारता सावरली, चढायलाही लागली. तेवढ्यात लिटल बारफर्डचं पहिलं गॅस टर्बाइन २१० मेगावॅटसह बसलं आणि आकडा ४८.८ वर आला. वारंवारता एवढी उतरली की आपोआप वीज तोडणारे रिले ग्रीडमध्ये बसवलेले असतात. त्यांनी कुणालाही न विचारता सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज तोडली. पाच मिनिटांत वारंवारता ५० वर आली, पाऊण तासात सगळ्यांची वीज परत आली. रेल्वेची घडी बसायला मात्र रात्र गेली.

मला सांगायचं आहे ते हॉर्नसीबद्दल. तिथलं एकही यंत्र तुटलेलं नव्हतं. केबल शाबूत होती, पाती फिरत होती. किनाऱ्यापासून दूर, लांब केबलच्या टोकाला बसलेल्या टर्बाइनच्या कंट्रोलरला ग्रीड त्या क्षणी अपेक्षेपेक्षा दुबळं दिसलं. व्होल्टेजला लहानसा धक्का बसला, कंट्रोलरने तो सावरायला जोर लावला. जोर जास्त झाला, म्हणून उलटा जोर लावला, तोही जास्त झाला. सेकंदाला नऊच्या आसपास असे हेलकावे सुरू झाले, ते विरायच्या ऐवजी वाढत गेले आणि टर्बाइनच्या जास्त प्रवाहाच्या संरक्षणाने त्यांना ग्रीडपासून तोडलं. अशीच एक छोटी थरथर दहा मिनिटं आधी नोंदली गेली होती. तिच्याकडे बघायला कुणाला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, कंट्रोल सॉफ्टवेअर बदललं गेलं.

इतक्या मोठ्या प्रकल्पाची सगळी कागदपत्रं नियमाप्रमाणे झालेली होती. ग्रीड भक्कम असताना कंट्रोलर चांगला वागतो हे त्यांत दिसत होतं. ग्रीड अशक्त असताना तो कसा वागेल, हे समुद्रात लोखंड उतरवण्याआधी तपासायला हवं. आपल्याकडे हे काम सुरू होण्याआधी यावर बोललं पाहिजे, एवढ्यासाठी हा धागा.


प्रतिसाद: पुणेरी_ग्राहक

लेख आवडला. पण सरळ विचारतो. औष्णिक केंद्र असतं तर हे झालं असतं का? पवनचक्क्या जितक्या वाढतील तितके हे प्रकार वाढणार, असाच याचा अर्थ निघतो ना?


प्रतिसाद: खाडीकाठ

प्रश्न रास्त आहे. पण त्या संध्याकाळचा हिशेब पूर्ण मांडू या. हॉर्नसीचे ७३७ मेगावॅट गेले. लिटल बारफर्डचं वाफेचं टर्बाइन आणि दोन गॅस टर्बाइनं मिळून ६४१ गेले, आणि ते केंद्र काही वाऱ्यावर चालत नाही. उरलेले ५०० छोट्या निर्मितीचे. त्यांच्यात एक जुना रिले असतो. मुख्य ग्रीडपासून आपला भाग सुटा पडला असं वाटलं की तो निर्मिती बंद करतो. त्यांतल्या बऱ्याच रिलेंची मर्यादा होती सेकंदाला ०.१२५ हर्ट्झ. एवढ्या वेगाने वारंवारता पडली की त्यांना वाटायचं ग्रीड गेलं. ग्रीड जागेवरच होतं, त्याला त्या क्षणी याच मेगावॅटची गरज होती आणि हे मागच्या दाराने निघून गेले. नंतर ब्रिटनने देशभर मोहीम काढून ती मर्यादा सेकंदाला १ हर्ट्झ केली.

यांतलं एकच काहीतरी झालं असतं तर १,००० मेगावॅटच्या राखीवात भागलं असतं. चौकशीनंतर हॉर्नसी वनच्या आणि लिटल बारफर्डच्या कंपन्यांनी प्रत्येकी ४५ लाख पाउंड नियामकाच्या निधीत भरले. दोघांनीही.

तुमच्या प्रश्नात खरं आहे ते असं. औष्णिक केंद्रात शेकडो टन वजनाचा रोटर फिरत असतो. वीज कमी पडली की त्याच्या फिरण्यातली ऊर्जा आपोआप ग्रीडमध्ये उतरते, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. पवनचक्की आणि सोलर इलेक्ट्रॉनिक्समधून जोडलेले असतात, त्यामुळे ते जसं शिकवाल तसंच वागतात. शिकवणं आपल्या हातात आहे, म्हणूनच ती जबाबदारीही आपल्यावरच आहे.


प्रतिसाद: रात्रपाळी

खाडीकाठ, फार दिवसांनी इथे आपल्या कामाचं काही वाचलं. मी ४०० केव्ही उपकेंद्रात २६ वर्षं शिफ्ट केली, आता निवृत्त आहे. दोन गोष्टी लिहितो.

रात्री दोनच्या सुमाराला भार उतरला की लांब लाईन आपोआप व्होल्टेज चढवते. ४०० ची लाईन ४२५-४३० दाखवायला लागते. मग रिअॅक्टर (व्होल्टेज खाली ओढणारं तारेचं मोठं वेटोळं) टाका, तरी उतरलं नाही तर भार डिस्पॅचला, म्हणजे ग्रीडच्या नियंत्रण केंद्राला, विचारून एखादी लाईन उघडा, ही आमची रोजची झटापट. उघड्या हवेतल्या तारांची ही गत, तर समुद्रातल्या केबलमध्ये दोन वाहक किती जवळ असतात! तिथे चार्जिंग, म्हणजे केबलला स्वतःला भरून ठेवायला लागणारा प्रवाह, कितीतरी पट असणार. १२० किलोमीटर एसी (दिशा बदलत्या प्रवाहाची) केबल टाकली कशी, हे मला कळत नाही. डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाचं) का नाही घेतलं?

दुसरं, तुम्ही म्हणता तसं नुसत्या कागदावर पास होणारं यंत्र आम्हीही पाहिलं आहे. राजस्थानच्या सौर पट्ट्यात २०२२ पासून हजार मेगावॅटच्या वर निर्मिती एका झटक्यात सुटण्याच्या घटना झाल्या. लांब लाईनच्या टोकाला नुसते इन्व्हर्टर आणि जवळ फिरणारं मोठं यंत्र एकही नाही. समुद्रात जायच्या आधीच आपल्याला वाळवंटात हा धडा मिळाला आहे.


प्रतिसाद: खाडीकाठ

काका, तुम्ही अचूक जागी बोट ठेवलंत. तुमच्या पहिल्या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो, म्हणजे इतरांनाही कळेल.

शेतातल्या मोटरपंपाला कपॅसिटर बसवा म्हणून वीज मंडळ सांगत आलंय, हे गावाकडच्या सगळ्यांना माहीत असेल. पंपाला जी रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी, पण चुंबकत्वासाठी लागणारी वीज) लागते ती कपॅसिटर जागेवरच देतो. समुद्रातली केबल म्हणजे न मागता मिळालेला, काही किलोमीटर लांबीचा कपॅसिटर. २२० केव्हीच्या केबलला दर किलोमीटरला अडीच ते तीन मेगाव्हार (रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप) धरा. समुद्रातली लांबी आणि जमिनीवरची लांबी धरून दीडशे किलोमीटर झाले तर चारशेच्या घरात जातो आकडा. अशी एक केबल साधारण ४०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. म्हणजे काहीच उपाय केला नाही तर केबलची सगळी ताकद तिला स्वतःला चार्ज ठेवण्यातच संपेल आणि वाऱ्याची वीज न्यायला जागा उरणार नाही.

हॉर्नसी वनमध्ये तीन केबल आहेत आणि १७४ टर्बाइनची वीज त्यांतून किलिंगहोमला उतरते. उपाय असा केला की वाटेत, समुद्राच्या मध्यावर, फक्त रिअॅक्टर असलेलं एक उपकेंद्र उभं केलं. तुम्ही रात्री दोनला जो रिअॅक्टर टाकत होतात, तोच, खांबांवर उभा, खाली उत्तर समुद्र. जगात असं पहिल्यांदाच झालं. दोन टोकांना आणि मध्ये असं तीन ठिकाणी चार्जिंग वाटून घेतलं, म्हणून एसीवर भागलं. पण लांब केबल, तिन्हीकडचे रिअॅक्टर, ट्रान्सफॉर्मर हे सगळं मधे आलं की टर्बाइनच्या दारातून किनाऱ्यावरचं ग्रीड आणखी दूर, आणखी दुबळं दिसतं. ऑगस्टच्या त्या घटनेचं मूळ इथे आहे.

डीसीचा हिशेब वेगळा. दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारे कन्व्हर्टर उभारायचा खर्च एवढा असतो की अंतर साधारण ८०-१०० किलोमीटरच्या पुढे गेल्याशिवाय तो परवडत नाही, आणि हॉर्नसीसारखं वाटेत रिअॅक्टर टाकून भागलं तर त्याच्याही पुढे एसी चालतं. ब्रिटनमध्ये डॉगर बँक हा डीसीवर जोडलेला पहिला पवन प्रकल्प, ±३२० केव्हीवर. त्याच्या पहिल्या टप्प्यातली वीज ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. जर्मनीने मात्र हा रस्ता फार आधी धरला.


प्रतिसाद: एमडेनकर

जर्मनीचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी एमडेनजवळ राहते, नवरा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर पाळीने जातो.

समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी जगातली पहिली डीसी जोडणी म्हणजे बोरविन वन. ४०० मेगावॅट, ±१५० केव्ही. १२५ किलोमीटर समुद्राखालून आणि पुढे ७५ किलोमीटर जमिनीखालून डीलेपर्यंत. तिला जोडलेल्या बार्ड ऑफशोअर वन या प्रकल्पाच्या सगळ्या ८० पवनचक्क्या २०१३ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाल्या. आणि २०१४ मध्ये कित्येक महिने वीज बंद! पवनचक्क्या एका कंपनीच्या, कन्व्हर्टर दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र आल्यावर केबलमध्ये हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झपेक्षा वेगवान नकोसे हेलकावे, उठायला लागले. खाडीकाठ सांगतात तोच प्रकार, फक्त हेलकाव्यांचा वेग वेगळा.

दुसरी गोष्ट तर इथल्या मुलांनाही माहीत आहे. बोर्कुम बेटाजवळचं रिफगाट, १०८ मेगावॅट, ३० पवनचक्क्या. २०१३ च्या उन्हाळ्यात उभ्या झाल्या. केबल मात्र टाकता येईना, कारण वाटेत समुद्रतळावर दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा पडलेला. एकेक नग शोधून काढण्यात महिने गेले. तोवर खारी हवा यंत्रांना खाऊ नये म्हणून त्या पवनचक्क्यांना आतून वीज द्यावी लागली, आणि ती डिझेल जनरेटरने दिली. महिन्याला २२,००० लिटर डिझेल! वीज वाहू लागली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये.

वाऱ्याच्या यंत्राला डिझेल पाजावं लागलं, याचं इथल्या लोकांना फार वाईट वाटलं होतं.


प्रतिसाद: पुणेरी_ग्राहक

एमडेनकर ताई, मग तो खर्च कुणी भरला? इथे तर प्रत्येक गोष्ट शेवटी आमच्या बिलावरच येते.


प्रतिसाद: एमडेनकर

दादा, इकडेही बिलावरच. जर्मनीत जोडणीची केबल टाकणं हे पारेषण कंपनीचं कायद्याने ठरवलेलं काम. केबल उशिरा आली किंवा बंद पडली तर पवनचक्कीवाल्याला भरपाई द्यायची. ती रक्कम २०१३ पासून एका वेगळ्या आकाराच्या रूपाने सगळ्या ग्राहकांच्या बिलात येऊ लागली. आमच्या बिलात तो आकार दिसायचा.


प्रतिसाद: खाडीकाठ

ब्रिटनमध्ये उलटी रीत आहे. केबल आणि उपकेंद्र पवनचक्कीवालाच बांधतो आणि मग ठरलेल्या मुदतीत तिसऱ्या कंपनीला विकतो, ती पुढे वीस-पंचवीस वर्षं सांभाळते. याचा फायदा असा की केबल आणि पवनचक्की एकाच्याच वेळापत्रकावर चालतात, त्यामुळे रिफगाटसारखी ताटातूट सहसा होत नाही. तोटा असा की प्रत्येक जण आपल्यापुरती केबल ओढतो. एकाच किनाऱ्यावर सात जण सात ठिकाणी चर खणतात आणि गावकरी वैतागतात.

भारताने जर्मनीचा रस्ता धरला आहे. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तामिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॅट, आणि त्याच रकमेतले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. समुद्रातलं उपकेंद्र आणि वीज बाहेर काढणारी केबल पॉवरग्रीड ही सरकारी पारेषण कंपनी बांधणार. मला हे पटतं. पण मग केबलचं आणि पवनचक्कीचं वेळापत्रक एका टेबलावर बसून आखलं पाहिजे, आणि दोघांची कंट्रोल मॉडेल एकाच संगणकात एकत्र चालवून बघितली पाहिजेत. बोरविनला जे समुद्रात कळलं ते आपल्याला खोलीत बसून कळू शकतं.


प्रतिसाद: सातपाटीची_पोर

मी अभियंता नाही. आमचं घर सातपाटीला, वडिलांची आणि काकांची बोट आहे. तुम्ही सगळे केबलबद्दल बोलताय म्हणून विचारते.

आमच्याकडे डोलीची मासेमारी आहे. समुद्रतळात लांब खुंट ठोकून त्यांना जाळी बांधतात, त्याला कव मारणं म्हणतात. कुणाची कव कुठे यावरून आमच्या गावांमध्ये आधीच वाद आहेत. आमच्या बोटी उत्तरेला गुजरातच्या बाजूलाही जातात. उद्या खंबातच्या आखाताकडे केबल टाकली आणि तिच्यावर कुणी खुंट ठोकला तर? माणूस मरेल का? आणि दोष कुणाला जाईल?


प्रतिसाद: खाडीकाठ

ताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. मला सुचला नव्हता, कारण इकडे खुंट ठोकून मासेमारी होत नाही. इथे भीती नांगराची आणि तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांची असते. त्यासाठी केबल साधारण एक ते दोन मीटर गाडतात. खडक असेल तिथे वर दगड रचतात. वाळूचे डोंगर सरकणारे असतील तिथे दर काही वर्षांनी बोटीने पाहणी करतात, कारण आज गाडलेली केबल उद्या उघडी पडते.

खुंट मात्र सरळ खाली जातो. एक-दोन मीटर त्याला काहीच नाही. केबलला धातूच्या तारांचं जाड चिलखत असतं, दोष झाला तर संरक्षण दशांश सेकंदात वीज तोडतं, बोट पाण्यावर असते. त्यामुळे बोटीवरच्या माणसाला थेट झटका बसण्याची शक्यता कमी. पण केबल फुटली तर दुरुस्तीला खास जहाज लागतं, हवामान उघडायची वाट बघावी लागते, महिने जातात. तेवढे दिवस शेकडो मेगावॅट बंद. म्हणून केबलची वाट आखताना डोलीच्या जागा नकाशावर आधी याव्यात आणि त्या तुमच्या वडिलांसारख्यांना विचारूनच याव्यात. उपग्रहाच्या चित्रात कव दिसत नाही.

केबल नाजूक असते असं म्हटलं तर कुणी हसेल, पण एक उदाहरण देतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑर्स्टेड कंपनीने जाहीर केलं की ब्रिटन आणि युरोपातल्या तिच्या दहापर्यंत प्रकल्पांत खांबाच्या पायथ्याशी केबलला संरक्षण देणारी नळी दगडांवर घासून केबल झिजली आहे. दुरुस्तीचा अंदाज ३०० कोटी डॅनिश क्रोनरचा. दगड टाकले होते खांबाखालची माती वाहून जाऊ नये म्हणून. नळी त्याच दगडांवर भरती-ओहोटीबरोबर घासत राहिली.


प्रतिसाद: सातपाटीची_पोर

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, दगडावर दोर घासून तुटतो हे आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. नकाशाचं काम निघालं तर ते यायला तयार आहेत. कुणाला भेटायचं ते कळवा.


प्रतिसाद: रात्रपाळी

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

खाडीकाठ, डीसीबद्दल एक विचारायचं राहिलं. चंद्रपूर ते पडघे ही आपली ±५०० केव्हीची, १,५०० मेगावॅटची डीसी लाईन १९९९ पासून चालू आहे. ७५२ किलोमीटर. तेच तंत्र समुद्रात का चालत नाही?


प्रतिसाद: खाडीकाठ

काका, चंद्रपूर-पडघ्याच्या कन्व्हर्टरमध्ये थायरिस्टर, म्हणजे वीज वळवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, आहेत. थायरिस्टर चालू करता येतो, पण बंद व्हायला त्याला बाहेरच्या एसी ग्रीडचं व्होल्टेज लागतं. चंद्रपूरला प्रचंड औष्णिक केंद्र शेजारी आहे, तिथे प्रश्न नाही. समुद्रात प्लॅटफॉर्मवर ग्रीडच नसतं. तिथे ५० हर्ट्झ कन्व्हर्टरलाच निर्माण करावे लागतात आणि पवनचक्क्या त्याच्या तालावर चालतात. त्यासाठी हवं तेव्हा चालू-बंद करता येणारे ट्रान्झिस्टर वापरतात. आपल्याकडे पुगलूर-त्रिशूर ही तामिळनाडू ते केरळ डीसी जोडणी याच पद्धतीची आहे, मुंबईसाठीच्या कुडूस-आरे जोडणीलाही हेच तंत्र निवडलं आहे. म्हणजे भारतात हे हाताळणारी माणसं तयार होत आहेत. मला याचा फार आनंद होतो.

डीसीचा एक गुण असा की किनाऱ्यावरच्या लाईनवर आकाशातली वीज पडली तरी समुद्रातल्या पवनचक्क्यांना तो धक्का जाणवत नाही. त्या वीज ओततच राहतात. किनाऱ्याकडे ती घ्यायला क्षणभर कुणी नसतं, डीसीचं व्होल्टेज चढायला लागतं, म्हणून किनाऱ्यावरच्या कन्व्हर्टरजवळ मोठे रोधक बसवलेले असतात. ते तेवढा वेळ सगळी वीज उष्णता करून टाकतात. दोष निघाला की पुन्हा वीज ग्रीडकडे वळते. पण याच गुणामुळे ग्रीडची वारंवारता पडली हेही पवनचक्क्यांना कळत नाही. ते त्यांना मुद्दाम कळवावं लागतं, आणि ती सोय करारात लिहावी लागते. नंतर मागितली तर कंपनी वेगळे पैसे मागते. हा अनुभवाचा बोल आहे.


प्रतिसाद: सांगलीची_वीज

नमस्कार दादा. मी पॉवर सिस्टीम्समध्ये एमटेक करतेय. अशक्त ग्रीड म्हणजे नेमकं किती अशक्त, हे आकड्यात सांगाल का? आणि अशक्त ग्रीडमध्ये कंट्रोलर जास्त जोर का लावतो? तो तर तोच आहे ना?


प्रतिसाद: खाडीकाठ

कंट्रोलर तोच, त्याचा जोरही तोच. बदलतं ते समोरचं पाणी. घागरभर पाणी तळ्यात ओतलं तर पातळी हलत नाही. तेच घमेल्यात ओतलं तर काठावरून सांडतं.

आकड्यात बघ. जोडणीच्या जागी शॉर्ट सर्किट झालं तर ग्रीड जेवढे एमव्हीए (विजेच्या ताकदीचं माप) लोटेल, ती फॉल्ट लेव्हल, तिला पवनचक्क्यांच्या मेगावॅटने भाग. १,२०० मेगावॅटचा प्रकल्प आणि १२,००० एमव्हीए फॉल्ट लेव्हल असेल तर उत्तर १०, म्हणजे तळं. जवळची दोन लाईन बंद, शेजारचं औष्णिक केंद्र वार्षिक दुरुस्तीला, आणि फॉल्ट लेव्हल ३,००० वर आली तर उत्तर २.५, म्हणजे घमेलं. ३ च्या खाली गेलं की मी सावध होतो. १०० मेगाव्हार ढकलले तर पहिल्या ठिकाणी व्होल्टेज एक टक्क्याच्याही आत हलतं, दुसऱ्या ठिकाणी तीन टक्क्यांच्या वर. कंट्रोलरला शिकवलेलं असतं की अमुक जोर लावला की अमुक हलेल. इथे चौपट हलतं. तो दचकून उलटा जोर लावतो, आणि त्याला उत्तर मिळायला जो क्षणभराचा उशीर होतो त्यात हेलकावा जन्मतो.

आणि लक्षात ठेव, नुसतं भागाकाराचं उत्तर पुरत नाही. शेजारी दुसरा पवन प्रकल्प असेल तर तोही त्याच घमेल्यात ओतत असतो.


प्रतिसाद: पुणेरी_ग्राहक

यावर उपाय काय करतात? प्रत्येक पवनचक्कीशेजारी औष्णिक केंद्र तर बांधणार नाहीत.


प्रतिसाद: खाडीकाठ

कोळसा जाळायची गरज नाही, पण फिरणारं यंत्र ठेवता येतं. ब्रिटनने लिव्हरपूलला आणि आणखी काही ठिकाणी सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. म्हणजे वीज न बनवणारा जनरेटर, सोबत जड चाक. ग्रीडला वजन मिळतं आणि फॉल्ट लेव्हल वाढते. २०२० च्या ऑक्टोबरपासून बॅटऱ्यांकडून एका सेकंदाच्या आत मदत विकत घेणं सुरू झालं. आणि आता कन्व्हर्टरलाच असं शिकवतात की ग्रीडचं व्होल्टेज बघून मागे चालू नकोस, तू स्वतः व्होल्टेज धर. जुन्या जनरेटरसारखं. त्याचे नियम तिथल्या ग्रीड कोडमध्ये २०२२ मध्ये आले.


प्रतिसाद: रात्रपाळी

जुनी औष्णिक युनिटं बंद करताना त्यांचे जनरेटर भंगारात काढतात. ते कंडेन्सर म्हणून ठेवता येतील का, याचा विचार आपल्याकडे व्हायला हवा. जागा आहे, ४०० केव्हीचा बे (ग्रीडला जोडायची तयार जागा) आहे, चालवणारी माणसं आहेत. मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हा धागा पाठवला आहे.


प्रतिसाद: सांगलीची_वीज

दादा, चार दिवसांनी परत लिहितेय. कॉलेजच्या लॅबमध्ये ५०० मेगावॅटचा प्रकल्प, २२० केव्हीच्या ४० किलोमीटर लांबीच्या केबल आणि किनाऱ्यावर दोन लाईन असं मॉडेल केलं. दोन्ही लाईन चालू असताना दोष दिला तर सगळं अर्ध्या सेकंदात शांत होतं. एक लाईन आधीच बंद ठेवून तोच दोष दिला तर व्होल्टेज हेलकावत राहिलं आणि दोन सेकंदांत टर्बाइन सुटले! तुम्ही वर्णन केलंत अगदी तसंच. सरांनाही दाखवलं. आता काय करू?


प्रतिसाद: खाडीकाठ

शाब्बास! तुझी ही दोन सेकंदं बघून मला ती गाडी आठवली.

व्होल्टेज कंट्रोलरचा गेन, म्हणजे तो किती जोर लावतो ते, अर्धा कर आणि एक लाईन बंद ठेवूनच तोच दोष पुन्हा दे. शांत झालं तर लगेच खुश होऊ नकोस. दोन्ही लाईन चालू करून बघ, आता तो फार सुस्त झाला नाही ना. मग वारा कमी असताना, १०० मेगावॅटवर बघ. त्या वेळी केबल जवळपास रिकामी असते आणि काका सांगतात तसं व्होल्टेज चढलेलं असतं. शेवटी शेजारी दुसरा ५०० चा प्रकल्प जोड आणि पहिल्यापासून सगळं परत कर. अडकलीस तर आलेख इथेच टाक, काका आणि मी दोघे बघू.